नळी जुनी होते तोवर योजना संपलेली असते

पेपरात दर महिन्या-दोन महिन्यांनी एक फोटो येतोच, मधे पाच-सहा वर्षांचं पोरगं हातात फुलांचा गुच्छ घेऊन उभं, बाजूला डॉक्टर, एखादा आमदार, मागे बॅनर, आणि खाली ओळ की इतक्या इतक्या बालकांवर मोफत हृदयशस्त्रक्रिया यशस्वी. मी याची टिंगल करत नाहीये, ज्यांच्या घरात असं पोर आहे त्यांना विचारा ते ऑपरेशन मोफत झालं नसतं तर काय विकायला लागलं असतं. पण त्या फोटोतली पोरं वीस वर्षांची होतात तेव्हा कुठल्या डॉक्टरकडे जातात, जातात तरी का, हे कुणी विचारत नाही, आणि त्यातल्या काहींच्या बाबतीत हे न विचारणं जिवावर बेतू शकतं.

काही म्हणजे कुठली, ते आधी सांगतो. आपल्याकडे हृदयाचा जन्मजात आजार म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच येतं, "हृदयाला भोक". भोक बुजवलं की विषय संपला, आणि साध्या भोकाच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण काही बाळं अशी जन्मतात की उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे रक्त नेणारी वाट मुळात नसतेच, किंवा दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या जागी एकच असते. मग सर्जन उजव्या कप्प्यापासून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत एक नळी जोडतात, आत व्हॉल्व्ह असलेली, तिला डॉक्टर लोक कंड्युट म्हणतात. हे काही नवीन नाही, डोनाल्ड रॉस यांनी १९६६ साली लंडनमध्ये मृत माणसाच्या हृदयातला तुकडा काढून असा वापरला होता, पुढे रास्टेली यांच्या नावाचं ऑपरेशन आलं आणि ज्या पोरांना आधी काही उपायच नव्हता ती जगायला लागली. आजही सगळ्यात पसंतीची नळी म्हणजे दान केलेल्या हृदयातलीच, पण आपल्याकडे अवयवदान एवढं कमी की ती हव्या त्या साईजची मिळणं नशिबाचा भाग. नाहीतर मग गाईबैलाच्या मानेतली शीर, किंवा कापडी नळीत बसवलेला डुकराचा व्हॉल्व्ह. (हे ऐकल्यावर घरात जी कुजबुज सुरू होते ती मला माहितीये, सहसा पोराची आजीच एका वाक्यात विषय मिटवते, पोर जगू दे म्हणते.)

गोची अशी की नळी वाढत नाही. तिसरीतला युनिफॉर्म दहावीत होत नाही तसंच, फक्त हा युनिफॉर्म छातीच्या आत शिवलेला आहे. वर त्यात कॅल्शियम साचतं, व्हॉल्व्ह कडक होतो, मग एकतर वाट अरुंद होते नाहीतर व्हॉल्व्ह लीक होतो, बहुतेकदा दोन्ही. तान्ह्या बाळाला बसवलेली नळी काही वर्षांतच लहान पडते, मोठ्या मुलाची दहा-पंधरा वर्षं टिकते, पण खराब होणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. म्हणजे ज्याची नळी वयाच्या चौथ्या वर्षी बसली त्याला आयुष्यात ती तीन-चार वेळा तरी बदलायला लागणार, आणि दर वेळी छाती उघडायची तर आधीच्या ऑपरेशनमुळे हृदय आणि ती नळी छातीच्या हाडाला आतून चिकटलेली असते, करवत चालवतानाच नळी फाटायची भीती. चांगल्या सेंटरमध्ये हे ऑपरेशन सुरक्षितपणे होतं, उगाच घाबरवायचं नाहीये, पण चौथ्यांदा छाती उघडणं हे पहिल्यांदा उघडण्यासारखं नसतं हे कुठलाही सर्जन सांगेल.

यावरचा तोडगा २००० साली पॅरिसमध्ये निघाला. फिलिप बोनहॉफर या डॉक्टरांनी १२ वर्षांच्या एका मुलाच्या खराब झालेल्या नळीत छाती न उघडता, कॅथेटरने (शिरेतून हृदयापर्यंत सरकवतात त्या बारीक लवचिक ट्यूबने) नवा व्हॉल्व्ह बसवला. बैलाच्या मानेतल्या शिरेचा व्हॉल्व्ह, तो स्टेंटमध्ये शिवलेला, स्टेंट बलूनवर आवळून बसवलेला. म्हाताऱ्या माणसांना जो बिनटाक्याचा व्हॉल्व्ह बसवतात, ज्याच्या जाहिराती हल्ली हायवेवर होर्डिंगवर दिसतात, तो पहिल्यांदा बसला २००२ साली, म्हणजे पोरांचं तंत्र आधी आलं. पण म्हातारे पेशंट लाखांनी आणि ही पोरं हजारांनी, त्यामुळे कंपन्यांचा पैसा, डॉक्टरांची ट्रेनिंगं, विमा, सगळं तिकडे गेलं. यात कुणी व्हिलन नाही, बाजार असाच चालतो, आणि म्हणूनच जिथे बाजाराला रस नाही तिथे सरकारने लक्ष घालायचं असतं असं मला वाटतं.

हे प्रत्यक्षात कसं करतात ते थोडं सांगायला हवं कारण "बिनटाक्याचं" म्हटलं की लोकांना दात काढण्याइतकं सोपं वाटतं. पेशंटला भूल देऊन कॅथलॅबच्या टेबलावर घेतात, जांघेतल्या शिरेतून वायर वर सरकवत हृदयाच्या उजव्या बाजूतून त्या नळीपर्यंत नेतात. मग लगेच व्हॉल्व्ह टाकत नाहीत. आधी नळीत एक बलून फुगवून ठेवतात आणि त्याच वेळी डाव्या बाजूने हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमध्ये डाय सोडून स्क्रीनवर बघतात, कारण नळीच्या अगदी शेजारून यातली एखादी रक्तवाहिनी, म्हणजे कोरोनरी, जात असेल तर फुगलेला स्टेंट ती दाबून टाकेल आणि तिथेच हार्ट अटॅक येईल. शंभरातल्या साधारण पाच जणांना इथेच थांबवावं लागतं, व्हॉल्व्ह न बसवता परत आणतात आणि मग सर्जरी. कॅल्शियमने कडक झालेली नळी बलूनने फाटूही शकते, त्यासाठी आवरण असलेला स्टेंट हाताशी आणि सर्जन हाकेच्या अंतरावर लागतो. सगळं नीट झालं तर आधी एक आधाराचा स्टेंट, त्याच्या आत व्हॉल्व्ह, आणि पेशंट एक-दोन दिवसांत चालत घरी. हार्ट-लंग मशीन नाही, छातीच्या हाडाला तारा नाहीत, दोन-दोन महिने कामावरून सुट्टी नाही. टेम्पो चालवणाऱ्या किंवा कंपनीत काँट्रॅक्टवर असलेल्या पोरासाठी या शेवटच्या गोष्टीचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको.

आता माझ्या पुतणीची फाईल. तिचं ऑपरेशन लहानपणी एका मोठ्या हॉस्पिटलात झालं, नाव घेत नाही, जीव वाचवला त्यांनी. मेडिकलवाल्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, घडीवर घडी पडून फाटत आलेले. डिस्चार्ज कार्डवर कंड्युटची साईज लिहिलीये, ती कशाची बनलीये ते नाही, आणि शेवटच्या ओळीत फॉलोअपपुढे लिहिलंय "एसओएस". म्हणजे गरज वाटली तर या. वहिनीने त्याचा अर्थ काढला की पोरगी बरी झाली, आणि तो अर्थ कुणीही काढेल. आता ती बीकॉमला आहे, नुसता दाखला हवा म्हणून गावातल्या डॉक्टरकडे गेली, त्यांनी टूडी इको करायला पाठवलं आणि तिथे कळलं की व्हॉल्व्ह जवळजवळ राहिलेलाच नाही आणि उजवा कप्पा फुगलाय. तिला विचारलं दम लागतो का, तर नाही म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. ही पोरं जन्मापासून तेवढ्याच दमात जगलेली असतात, जिना चढताना मधे थांबायचं असतं हे त्यांच्यासाठी नॉर्मल असतं, त्यामुळे गरज वाटेल तेव्हा या हा सल्ला याच पेशंटला देऊन अजिबात चालत नाही. त्यांना गरज वाटते तेव्हा उशीर झालेला असतो. लीक असलेल्यांचा उजवा कप्पा एमआरआयवर मोजतात, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने साधारण १५० ते १६० मिली प्रति चौरस मीटरच्या पुढे गेला की नवा व्हॉल्व्ह टाकूनही तो पूर्ववत होईल याची खात्री राहत नाही, आणि हे आकडे पेशंटला काहीही जाणवत नसताना ओलांडले जातात.

आता सरकारचं बघू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याला सगळे आरबीएसके म्हणतात, तो २०१३ साली आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला. गाडी घेऊन टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येते, पोरं तपासते, हृदयाचा आवाज वेगळा वाटला की पुढे पाठवते, ऑपरेशन होतं. माझ्या मते अलीकडच्या काळातली ही सगळ्यात कामाची योजना आहे आणि तिचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही. पण ती शून्य ते अठरा वर्षांसाठी आहे. अठरा झाली, शाळा सुटली, टीम यायची बंद. म्हणजे लहानपणी बसवलेली नळी जेव्हा हमखास खराब होते नेमक्या त्याच वयात पोरगं सरकारच्या नजरेतून गायब होतं. बालहृदयरोगतज्ज्ञ म्हणतात आता तू मोठा झालास, मोठ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि मोठ्यांचे हृदयरोगतज्ज्ञ दिवसभर अँजिओप्लास्टी करत असतात, त्यांच्यातल्या अनेकांनी कंड्युटवाला पेशंट वर्षातून एखादा बघितलेला असतो. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक फाटा, लग्न ठरवताना छातीवरची खूण लपवली जाते, सासरी फाईल जातच नाही, आणि मग गरोदरपणात हृदयावरचा ताण वाढल्यावर सगळं बाहेर येतं.

अठरानंतर राहते ती महात्मा फुले जन आरोग्य योजना. १९९७ च्या जीवनदायीपासून २०१२ ची राजीव गांधी, मग आताचं नाव, असा तिचा प्रवास, कव्हर दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं, चांगलं झालं. पण योजनेचा हिशोब पॅकेजवर चालतो, एक आजार, एक प्रोसिजर, एक रक्कम. छाती उघडून नळी बदलणं त्या चौकटीत कसंबसं बसतं. कॅथेटरच्या व्हॉल्व्हची एकट्याची किंमतच त्या वर्षाच्या पाच लाखांना पुरून उरते. मग काय होतं, काउंटरवरचा आरोग्यमित्र हताश चेहऱ्याने तुम्हाला ट्रस्टची यादी देतो, त्याचाही दोष नसतो, आणि बाप सिद्धिविनायकापासून टाटांपर्यंत सगळीकडे अर्ज करत फिरतो. काही महिन्यांनी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या साईटवर पोराचा फोटो येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या पोराच्या छातीत सरकारने एकदा नळी बसवली त्याची जबाबदारी नळीच्या आयुष्यापुरती नाही, पोराच्या आयुष्यापुरती घ्यावी, आणि त्यात जिथे शक्य आहे तिथे कॅथेटरच्या व्हॉल्व्हचा खर्चही आला.

यावर जो आक्षेप येतो तो मला सगळ्यात जास्त पटणारा आहे, म्हणून त्याचंच उत्तर आधी देतो. लोक म्हणतात, देशात दरवर्षी दोन लाखांच्या आसपास बाळं हृदयविकार घेऊन जन्मतात, त्यातल्या कितीतरी जणांचं पहिलं ऑपरेशनच होत नाही, आणि तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी लाखोंचा व्हॉल्व्ह मागताय? बरोबर प्रश्न आहे. पण बाळांची रांग अडते कुठे ते बघा. सगळं पैशावर अडत नाही, बरंचसं अडतं ऑपरेशन थिएटरच्या दिवसावर आणि लहान मुलांच्या हृदयाच्या आयसीयूमधल्या खाटेवर. चौथ्यांदा छाती उघडायचं ऑपरेशन म्हणजे थिएटरचा आख्खा दिवस, कारण नुसतं चिकटलेलं सोडवत आत शिरायलाच तासन्तास जातात, मग आयसीयूत काही दिवस, रक्ताच्या पिशव्या. तेच काम कॅथलॅबमध्ये झालं तर तो थिएटरचा दिवस आणि ती खाट एखाद्या निळ्या पडलेल्या बाळाला मिळते. म्हणजे रांगेत मागे उभ्या असलेल्या बाळाचा आणि पुढच्या विशीतल्या पोराचा हा झगडा नाहीये, पोराला कॅथलॅबमध्ये पाठवलं की बाळाचा नंबर लवकर लागतो. सरकार फक्त व्हॉल्व्हचं बिल बघतं, मोकळ्या झालेल्या खाटेचं बिल कुठे फाडलेलं नसतं म्हणून ते दिसत नाही.

दुसरा आक्षेप, परदेशी कंपन्यांचा धंदा. हा अर्धाच खरा. पालघर जिल्ह्यातली तलासरी ओलांडून थोडं पुढे गेलं की गुजरातमधलं वापी, तिथली मेरिल नावाची कंपनी बलूनवरचा व्हॉल्व्ह बनवते, मुळात म्हाताऱ्यांसाठीचा, पण आपल्या देशात तो या नळ्यांमध्येही बसवला गेलाय. जिथून ती आरबीएसके सुरू झाली त्या पालघरच्या शेजारीच! किमतीचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये कोरोनरी स्टेंटचे दर बांधून दिले तेव्हा औषध लावलेला स्टेंट २९,६०० वर आणला, आधी तोच लाख-दीड लाखाला लावत होते. तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी वरच्या दर्जाचे स्टेंट बाजारातून काढून घ्यायची परवानगी मागितली होती हेही विसरू नका. स्टेंट लाखांनी खपतात म्हणून कंपन्या शेवटी राहिल्या, हा व्हॉल्व्ह एवढासा खपतो की नुसती किंमत कापली तर लोक दुकान गुंडाळतील. त्यापेक्षा राज्याने, जमल्यास दोन-चार राज्यांनी मिळून, वर्षाला इतके घेऊ असं सांगून रेट काँट्रॅक्ट करावं, लसींना करतात तसं.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून क्वचितच येते पण यायला हवी. हा व्हॉल्व्हही कायमचा नाही. तोही प्राण्याच्या ऊतीचा, तोही झिजतो, मग त्याच्या आत दुसरा बसवता येतो पण प्रत्येक स्टेंटगणिक आतली जागा कमी होते, त्यामुळे कधीतरी छाती उघडायला लागणारच. फायदा एवढाच की चार ऑपरेशनांची दोन होतात आणि मधली वर्षं चांगली जातात, माझ्या लेखी तो भरपूर आहे. पण ज्यांची नळी बारीक आहे किंवा पोराचं वजन अजून वीस-पंचवीस किलोही नाही त्यांना हे लागू नाही, आणि लहानपणी नळीऐवजी नुसता पॅच लावून वाट मोठी केलेल्यांची वाट इतकी सैल झालेली असते की हा व्हॉल्व्ह तिथे धरतच नाही, त्यांच्यासाठी वेगळे मोठे व्हॉल्व्ह निघालेत, अमेरिकेत त्यातल्या पहिल्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. वर इन्फेक्शनचा धोका. बैलाच्या शिरेवाल्या व्हॉल्व्हच्या मोठ्या अभ्यासांत दरवर्षी शंभरातल्या साधारण दोघांना व्हॉल्व्हला इन्फेक्शन झालेलं दिसलं, आणि त्याची एक मोठी वाट दातांतून जाते. किडलेली दाढ, सुजलेली हिरडी, तिथून जंतू रक्तात आणि रक्तातून व्हॉल्व्हवर. लाखोंचा व्हॉल्व्ह आणि दोनशे रुपयांची दाढ भरलेली नाही, हे आपल्याकडे सहज होऊ शकतं कारण दात दुखल्याशिवाय दाताच्या डॉक्टरकडे जायचं असतं हेच आपल्याला मान्य नाही. सरकारने व्हॉल्व्हचे पैसे द्यायचे तर दातांच्या तपासणीचेही त्याच पॅकेजमध्ये द्यावेत, मी गंमत करत नाहीये.

म्हणूनच मी सरसकट सगळ्या हॉस्पिटलांना ही प्रोसिजर खुली करा असं म्हणणार नाही. जिथे जन्मजात हृदयविकाराचे सर्जन हजर आहेत, जिथे एमआरआय वाचणारा माणूस आहे, अशी मोजकी सेंटर धरा, आणि अट घाला की प्रत्येक व्हॉल्व्हची नोंद रजिस्टरमध्ये झाली, वर्षाच्या वर्षाला पेशंटचं काय झालं ते भरलं, तरच पैसे सुटतील. अमेरिकेत २०१० साली हा व्हॉल्व्ह असाच आला, थोड्या पेशंटसाठीच्या उपकरणांची तिथे वेगळी वाट आहे, तेव्हा मर्यादा वर्षाला ४००० पेशंटची होती, भलेमोठे पुरावे आधी मागितले नाहीत पण मान्यतेनंतर पेशंटवर लक्ष ठेवायचं बंधन घातलं. आपल्याकडे उलटं चालतं, आधी पैसे द्यायला नकार आणि एकदा दिले की नंतर कुणाचं लक्ष नाही.

आणि व्हॉल्व्हचा प्रश्न सुटेपर्यंत वाट बघायचीही गरज नाही. ज्या ज्या पोराला सरकारी पैशातून कंड्युट बसलंय त्याला डिस्चार्जच्या वेळी एक प्लास्टिकचं कार्ड द्या, एटीएमच्या साईजचं, मराठीत. नळी कधी बसवली, कशाची, किती मिलीमीटरची, पुढची तपासणी कुठल्या महिन्यात, दात काढायच्या आधी डॉक्टरांना हे कार्ड दाखवा. "एसओएस" हा शब्द त्यावर नको. आरबीएसकेच्या यादीत ही पोरं नावानिशी आहेतच, त्यांचं वय अठरा झालं की नाव गाळण्याऐवजी जिल्हा रुग्णालयाच्या यादीत टाकायचं, वर्षातून एकदा आशाताईंनी फोन करायचा आणि इकोची तारीख द्यायची. यासाठी एक जीआर लागतो आणि प्रत्येक जिल्ह्यात नावं सांभाळणारा एक माणूस. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीपासून सुरुवात केली तर उत्तम, कारण पुण्या-मुंबईतला बाप कसाही धडपडत कुठल्यातरी डॉक्टरपर्यंत पोचतो. ही यादी तयार झाली की राज्यात दरवर्षी किती व्हॉल्व्ह लागणार तो आकडाही हातात येईल, आणि मग कंपनीसमोर बसून भाव करता येईल.